साल आणि नाव

रस्तारुंदीच्या वादात हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ही झाडं विदेशी आहेत, तोडली तर बिघडलं कुठे? पण विदेशी ठरवायचं कशावरून? नावावर गेलो तर फसगत ठरलेली.

माझीही झाली. शाळेत असल्यापासून पाहत आलेल्या एका रांगेची नोंद मी कित्येक वर्षं ‘शिरीष’ अशीच ठेवली होती. ती निघाली रेन ट्रीची. दोन्हींची फुलं झुपकेदार, त्यामुळे घोटाळा होतो. फुलं नसताना खोड पाहावं. रेन ट्रीचं खोड आखूड. साल काळपट, खरखरीत, उभ्या भेगांची. फांद्या आडव्या धावतात आणि घेर उंचीपेक्षाही रुंद होतो. शिरीष इतका पसरत नाही. उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या, गवती रंगाच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. रेन ट्रीची शेंग काळी, चिकट, गोड गराची. हे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं झाड इंग्रजी अमदानीत इथे आलं.

गुलमोहराच्या नावात फारसी ‘गुल’ आहे, म्हणून तो मोगली बागेतला वाटतो. राखी, बरीचशी गुळगुळीत साल आणि छत्रीसारखा पसारा असलेलं हे झाड मूळ मादागास्करचं. बोजर या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे ते 1820 च्या दशकात बाहेरच्या जगाला कळलं. पेशवाई संपली 1818 साली. त्यामुळे पेशवाईवरच्या कादंबरीत गुलमोहर फुलला की मी मुकाट्यानं पान उलटतो.

सर्वांत पक्की मराठी झाली ती गोरखचिंच. नावात गोरखनाथ, बाटलीसारखं फुगलेलं खोड, हत्तीच्या कातडीसारखी सुरकुतलेली करडी साल. वर्षातले कित्येक महिने निष्पर्ण. वसईच्या किल्ल्यात ती भेटते. जनुकीय तपासणीत भारतातल्या गोरखचिंचांचं नातं आफ्रिकेतल्या झाडांशी जुळलं. त्या एकदाच नव्हे, वेगवेगळ्या वेळी आल्या असंही दिसलं. गंमत म्हणजे नावातली ‘चिंच’सुद्धा मूळची आफ्रिकेचीच. अरबांनी मात्र तिला हिंदचा खजूर म्हटलं. आमटीतली चिंच विदेशी म्हणून टाकून द्या, असं अजून कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली आणि अंदाजे 50 वर्षं वा अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटलं गेलं. त्या रांगेपुढचं ‘शिरीष’ मी खोडलं, ‘रेन ट्री’ लिहिलं. शेजारी वयाचा रकाना रिकामा होता. तिथे लिहिलं : 50 च्या वर.