वेणीचा स्वेटर : एका ‘प्राचीन’ परंपरेचे खरे वय

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून चारोटीला वळून कासा गाठले की आपण डहाणूच्या वारली मुलखात येतो. इथल्या कुडाच्या भिंतींवरची पांढरी चित्रे आता टी-शर्टांवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात आणि त्यांच्यासोबत एक ठरलेले वाक्य येते : ‘हजारो वर्षांपूर्वीची कला’. अगदी असेच वाक्य युरोपातील एका स्वेटरलाही चिकटलेले आहे. तिथे ते कसून तपासले गेले. म्हणून आज आधी त्या स्वेटरची गोष्ट सांगतो. कासाला शेवटी परत येऊ. (समाजमाध्यमावरच्या या लेखनप्रकाराला मराठीत ‘धागा’ म्हणतात, हे आजच्या विषयाला फारच सोयीचे आहे.)

साईच्या रंगाचा, जाड लोकरीचा, छातीवर उभ्या वेण्या आणि चौकटी असलेला स्वेटर तुम्ही नक्की पाहिला असेल. आपल्याकडच्या विणणाऱ्या बायकांना त्या नक्षीत केसांची वेणी दिसली; इंग्रजांना जहाजाचा दोर दिसला, म्हणून त्यांनी तिला ‘केबल’ म्हटले. या स्वेटरचे गाव म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी असलेली अरान ही तीन खडकाळ बेटे.

दंतकथा अशी : बेटावरच्या प्रत्येक कुळाची नक्षी वेगळी. कोळी समुद्रात बुडाला आणि आठवड्यांनी प्रेत किनाऱ्याला लागले, तर चेहऱ्यावरून नव्हे, स्वेटरच्या नक्षीवरून त्याचे कूळ ओळखायचे. या नक्ष्या म्हणे इसवी सन ८००च्या सुमारास चितारलेल्या ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखिताइतक्या जुन्या. प्रत्येकीला अर्थही आहे : वेणी म्हणजे कोळ्याचा दोर, मधाच्या पोळ्याची वीण म्हणजे कष्टाळू मधमाशी, शंकरपाळी म्हणजे बेटावरची लहान लहान शेते.

गोष्ट सुंदर आहे. खरी नाही.

प्रेताचा भाग बहुधा एका नाटकातून आला. जॉन मिलिंग्टन सिंज हा आयरिश नाटककार १८९८पासून काही वर्षे अरानला जात राहिला. त्याचे ‘रायडर्स टू द सी’ हे नाटक १९०४ साली रंगभूमीवर आले. त्यात बुडालेल्या भावाचे कपडे बहिणींच्या हाती येतात आणि ओळख पटते ती एका पायमोज्यावरून. पण मोजा साधा आहे, त्यावर कसलीही नक्षी नाही. बहीण टाके मोजते. आपण साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार गाळले होते, हे तिला आठवते. म्हणजे ओळखले जाते ते एका बाईच्या हातचे काम, तिचा स्वतःचा हिशेब. दंतकथेने नेमकी तीच बाई वगळली आणि तिच्या जागी ‘कूळ’ आणून बसवले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

हस्तलिखिताचा भाग आला हाइन्ट्स एडगर कीवे या जर्मनीतून येऊन ऑक्सफर्डला लोकर विकणाऱ्या गृहस्थाकडून. १९३६ साली डब्लिनमध्ये त्याला असा एक पांढरा स्वेटर मिळाला. त्यातील गुंफण आणि जुन्या हस्तलिखितांतील गुंफण यांत त्याला साम्य दिसले, आणि १९६७च्या पुस्तकात त्याने विणकामाचा थेट ‘पवित्र इतिहास’ मांडला. साम्य डोळ्यांना दिसते, हे खरेच. पण दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एक दुसरीतून जन्मली असे ठरत नाही. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सुयांवरच्या विणकामात इजिप्तमधील सुती मोजे येतात. ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतील. ‘बुक ऑफ केल्स’च्या काळात आयर्लंडमध्ये कोणी स्वेटर विणत होते याला पुरावा नाही. रिचर्ड रट या विणकाम करणाऱ्या बिशपने १९८७ साली हाताच्या विणकामाचा इतिहास लिहिला आणि कीवेचा डोलारा उतरवला.

मग खरे वय किती? १८९१ साली ब्रिटिश सरकारने आयर्लंडच्या गरीब पश्चिम भागासाठी एक मंडळ नेमले. त्याने अरानमध्ये मासेमारी वाढवण्याचे प्रयत्न केले आणि त्यातून बाहेरच्या कोळ्यांची ये-जा वाढली. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे कोळी ‘गान्झी’ नावाचा घट्ट विणीचा, गडद निळा स्वेटर घालत. बेटावरच्या बायकांनी तो पाहिला, उचलला आणि बदलला, असे अभ्यासक मानतात. बारीक निळ्या सुताऐवजी जाड, न रंगवलेली लोकर आली. छातीपुरती असलेली नक्षी अंगभर पसरली. १९३० साली म्युरिएल गहन यांनी डब्लिनमध्ये ‘द कंट्री शॉप’ काढले आणि या विणकामाला शहरात गिऱ्हाईक मिळाले. १९६१ साली क्लॅन्सी बंधू हे गायक हे स्वेटर घालून अमेरिकन दूरचित्रवाणीवर आले. पुढचे सांगायला नको. ‘प्राचीन’ परंपरा शंभर-सव्वाशे वर्षांची निघते.

यात फसवणूक शोधणारे शोधोत. मला खरी गोष्ट दंतकथेहून मोठी वाटते, आणि ते कळायला वेणी कशी पडते हे पाहावे लागते.

सहा टाक्यांची वेणी घ्या. पहिले तीन टाके एका आखूड सुईवर काढून कामाच्या पुढे ठेवायचे, पुढचे तीन सुलट विणायचे, मग थांबवलेले तीन विणायचे. थांबवलेले टाके पुढे ठेवले तर पीळ डावीकडे झुकतो, मागे ठेवले तर उजवीकडे. दोन्ही कडांना उलट टाके असतात, म्हणून मधला पीळ उठून दिसतो. काटेकोर बोलायचे तर हा दोन पदरांचा दोरच; खरी तिपेडी वेणी हवी तर नऊ टाके घेऊन एकदा उजवीकडचे सहा आणि एकदा डावीकडचे सहा, असे आलटूनपालटून आणि विरुद्ध दिशांनी फिरवावे लागतात.

इथपर्यंत सोपे. अडचण अशी की प्रत्येक पीळ कापड आत ओढतो. साध्या विणीच्या मापाने टाके धरले तर स्वेटर अंगात शिरणार नाही. म्हणून आधी वेणीचाच लहान तुकडा विणून टाके मोजावे लागतात आणि खालची पट्टी संपली की टाके वाढवावे लागतात. लोकर जास्त लागते, पण कापड दुहेरी होऊन ऊबही वाढते. त्यात प्रत्येक पट्ट्याची चाल निराळी. कडेची वेणी दर ८ ओळींनी आणि मधली शंकरपाळी दर १२ ओळींनी पूर्ण होत असेल, तर दोन्ही पुन्हा जुळतात २४व्या ओळीला. गळा कुठे सुरू करायचा, बाही कुठे, हे त्या जुळणीवर ठरते. नाहीतर गळ्याशी अर्धी शंकरपाळी लटकते. अरानच्या बायका हे सारे कागदावरच्या नमुन्याविना करत. एकीचा स्वेटर दुसरीने पाहायचा, तिने एक पट्टा बदलायचा, तिसरीने दोन पट्टे एकत्र आणायचे. हे कुळाचे वारशाने आलेले चिन्ह नव्हते. हे चालू काळातले, बुद्धीचे, स्पर्धेचेही काम होते. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हटले की हे सगळे पुसले जाते, कारण परंपरेला रचनाकार लागत नाही.

आता कासाकडे. वारली चित्रांची मुळे किती खोल आहेत, हा प्रश्न अरानइतका सरळ नाही. चित्र कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले असते आणि पुढच्या लग्नाला नव्याने काढले जाते. जुने चित्र हाती राहतच नाही. पण एक गोष्ट स्वच्छ आहे. लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सवासिनींचे होते. मधोमध पालघाट देवी, भोवती चौकाच्या कडा, आणि त्या कडांत ओळीने भरलेली भौमितिक नक्षी. कोपऱ्यावर ओळ कशी वळवायची, जागा कुठे कमी पडेल, हा हिशेब प्रत्येक भिंतीवर कोणीतरी बाई करत होती. एकीचेही नाव चित्राखाली नाही.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि चित्रे कागदावर उतरू लागली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे हे पुरुष असूनही चित्रे काढत, आणि तीही लग्नाची वाट न पाहता. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र जमले तर जरूर पाहा. एकेका बारीक पांढऱ्या रेघेने विणत नेलेले ते जाळे जवळजवळ सगळी जागा व्यापते आणि माणूस कडेला एवढासा उरतो. त्या चित्राला कोणी ‘आदिम’ म्हटले, तर ते काढणाऱ्याचे नाव सांगता येते. सवासिनींच्या चौकांबाबत ती सोयही नाही.