हसवणाऱ्याचा पहिला नंबर

दिवाळी सरली, धानाची कापणी उरकत आली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव दुकाने लागतात, लेकी-जावई येतात आणि रात्री खडी गंमत उभी राहते. ढोलकी, तुणतुणे, झांज, एक शाहीर आणि लुगडे नेसून नाचणारा नाच्या, एवढाच सरंजाम. कलावंत उभ्याने गातात म्हणून ती ‘खडी’. ‘दुय्यम’ गंमत असेल तर दोन शाहीर समोरासमोर येतात आणि सवाल-जवाबाला रंग चढतो. कोण जिंकले, याचा निकाल परीक्षक देत नाहीत. तो थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसांच्या हशावर ठरतो.

आता असे बघा, गाण्यांचा क्रम लावायची सवय आपल्याला रेडिओनेच लावली. 1952 साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींच्या आवाजाने ‘पायदान’ हा शब्द घराघरात पोहोचवला. कोणते गाणे वर चढले, कोणते घसरले, यावर लोक पैजा लावत. पण ती पायदाने हिंदी चित्रपटगीतांची. मंडईतल्या शाहिराच्या विनोदी गाण्याला त्या शिडीवर जागा असण्याचे कारणच नव्हते.

हसवणाऱ्या गायकाला वरची पायरी मिळणे परदेशातही सोपे नाही. अमेरिकेतले ‘विअर्ड अल’ यांकोविक गळ्यात अकॉर्डियन अडकवून गातात. गाजलेल्या गाण्याची चाल घ्यायची आणि तिच्यावर गमतीचे शब्द बसवायचे, हा त्यांचा धंदा. आपल्या लोकशाहिरांना ही युक्ती नवी नाही. त्यांचा पहिला अल्बम 1983 सालचा. चौदावा, ‘मँडेटरी फन’, जुलै 2014 मध्ये आला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट पहिला ठरला. तेव्हा त्यांचे वय 54. त्याआधी विनोदी अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला होता तो 1963 मध्ये, अ‍ॅलन शेरमन यांचा. म्हणजे मध्ये 51 वर्षे गेली. यांकोविक यांच्या चाहत्यांना झालेला आनंद विक्रीच्या आकड्यापुरता नव्हता. शाळकरी वयात ज्याच्या गाण्यावर आपण हसलो आणि ज्याला मोठ्यांनी पोरकटपणा म्हटले, तो माणूस खरा निघाला, असे समाधान त्यात होते.

महाराष्ट्राला हे समाधान दादा कोंडके यांच्या रूपाने आधीच मिळाले होते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादांना नाव दिले. 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ आला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहातून तो हलवण्याचा प्रसंग आला, तेव्हा शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि चित्रपट टिकला. पुढे दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे एका चित्रपटगृहात 25 आठवडे. मराठी विनोदाची आणि त्यातल्या गाण्यांची तीच आपली क्रमवारी होती. त्या गाण्यांमागे विदर्भाचाही हात होता. 1975 च्या ‘पांडू हवालदार’पासून दादांनी ज्यांना ‘राम-लक्ष्मण’ हे जोडनाव दिले, त्यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. समीक्षकांनी द्व्यर्थी म्हणून नाक मुरडले, सेन्सॉरने कात्री उगारली. तिकीटबारीपुढची रांग मात्र हलली नाही.

आमच्या भागाला तशी पावती मिळायला 2023 साल उजाडले. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना त्या वर्षी पद्मश्री जाहीर झाली. झाडीपट्टी रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेला हा शेतकरी नट. लोक त्यांना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणतात. झाडीपट्टीचे नाटक म्हणजे रात्रभर चालणारा खेळ. मध्ये गाणी, लावण्या, आणि डुलक्या घेणाऱ्यांना जागे ठेवणारा विनोदी नट. तो पडला तर नाटक पडले. पद्मश्रीची बातमी आली, तेव्हा त्या मांडवांत जागलेल्या हजारो रात्रींवरच जणू शिक्का बसला.

मात्र एक गोष्ट विसरू नये. यांकोविक यांची गाणी ध्वनिमुद्रित आहेत, दादांचे चित्रपट आजही पाहता येतात. खडी गंमतीचे गाणे मात्र बरेचदा त्या रात्रीपुरतेच असते. शाहिराने जागच्या जागी जुळवलेला जवाब पहाटेबरोबर संपतो. तो कुठे लिहिलेला नसतो आणि म्हातारा शाहीर गेला की त्याच्याबरोबर जातो. जे नोंदलेच नाही, ते कोणत्या यादीत वर चढणार?

आता जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. यंदाच्या मंडईत तो जरूर बाहेर काढा, शाहिराला विचारून गाणे टिपून घ्या. फक्त खाली त्याचे नाव, गाव आणि साल लिहायला विसरू नका. पहिला नंबर कुणाचा, हे पुढच्या पिढीने ठरवावे. त्यासाठी त्यांच्यापर्यंत गाणे तरी पोहोचायला हवे.