कायरोप्रॅक्टर व्हायला काय शिकावं लागतं? ‘कड्’ आवाजामागचे ४,२०० तास

इन्स्टाग्रामवर हा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. टेबलावर पालथा झोपलेला माणूस, त्याच्या पाठीवर तळवे टेकवून उभा असलेला दुसरा, एक झटका आणि ‘कड्’ असा आवाज. दोन सेकंदांत खेळ खलास.

अमेरिकेत हा झटका देण्यासाठी परवाना लागतो आणि परवान्यासाठी ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’ ही पदवी. तिथल्या महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार या पदवीला किमान ४,२०० तासांचं शिक्षण लागतं. इतके तास हे विद्यार्थी करतात तरी काय?

सकाळी शरीररचना, दुपारी एकमेकांची पाठ

आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट शहरात पामर कॉलेज आहे. १८९७ मध्ये सुरू झालेलं हे जगातलं पहिलं कायरोप्रॅक्टिक महाविद्यालय. इथे बारावीनंतर थेट प्रवेश मिळत नाही. आधी कॉलेजचं साधारण तीन वर्षांचं शिक्षण आणि त्यात विज्ञानाचे विषय लागतात. पुढे दहा सत्रं. वर्षाला तीन सत्रं होत असल्याने मोठी सुट्टी अशी नाहीच आणि साधारण तीन वर्षं चार महिन्यांत पदवी हातात येते.

सुरुवातीचा अभ्यास एमबीबीएस करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र. देहदानातून मिळालेल्या मृतदेहांचं विच्छेदन. पाठकण्याची रचना तर वेगळा विषय म्हणून शिकवतात.

खरा फरक पडतो तो हाताच्या तासांना. बोटांनी मणका ओळखणं हे या शिक्षणातलं पहिलं कसब. त्यासाठीचा एक जुना सराव मजेशीर आहे. कागदाखाली एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटाने शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. मग विद्यार्थी एकमेकांच्या पाठीवर येतात. सकाळी शेजारी बसून नोट्स लिहिणारी मैत्रीण दुपारी तुमच्या मानेचे मणके मोजत असते.

झटका मात्र लगेच माणसावर देऊ देत नाहीत. आधी स्प्रिंगच्या फळ्या, फोमचे ठोकळे आणि किती जोर पडला हे मोजणारी टेबलं. कमी अंतर, जास्त वेग, आणि हवा तिथेच थांबता येणं, हे अंगवळणी पडेपर्यंत तेच तेच करायचं. आणि तो प्रसिद्ध आवाज? तो हाड ‘जागेवर बसल्याचा’ नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब अचानक कमी होऊन तिथे वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. आपण बोटं मोडतो तेव्हाही हेच घडतं.

वर्गातला जुना वाद

या विद्यार्थ्याला एक अवघड वारसाही सांभाळावा लागतो. १८९५ मध्ये डी. डी. पामर या चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचं गेलेलं ऐकणं परत आलं, अशी या पद्धतीची जन्मकथा आहे. गंमत म्हणजे त्याच कॉलेजात विद्यार्थी शिकतो की, ऐकण्याची नस कानाकडून थेट मेंदूत जाते, पाठीतून जातच नाही.

बहुतेक सगळ्या आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं, असा पामर यांचा दावा होता. त्याला वैज्ञानिक आधार मिळालेला नाही. तरीही व्यवसायात दोन तट जुनेच आहेत. एक मूळ तत्त्वज्ञानाला धरून राहणारा, दुसरा स्वतःला पाठ, मान आणि सांध्यांच्या दुखण्यापुरतं मर्यादित ठेवणारा. आपण कोणत्या बाजूला, हे विद्यार्थ्याला कधीतरी ठरवावंच लागतं.

पुरावा बऱ्यापैकी दुसऱ्या बाजूला झुकतो. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’च्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत या उपचाराचा समावेश आहे, पण पुरावा कमी दर्जाचा असल्याचंही तिथेच नमूद केलंय. दम्यासारखे आजार याने बरे होतात, याला मात्र भरवशाचा पुरावा नाही.

हात कधी लावायचा नाही?

शेवटची सत्रं कॉलेजच्याच दवाखान्यात जातात. पर्यवेक्षक डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाची माहिती घ्यायची, तपासायचं, एक्स-रे वाचायचा आणि मगच उपचार. माझ्या मते ४,२०० तासांतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण इथे थांबायला शिकवतात. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मणक्याला हात न लावता रुग्णाला तातडीने इस्पितळात पाठवायचं. पूर्वी कर्करोग झालेला असेल, वजन विनाकारण घटत असेल, तर आधी तपासण्या. मान अचानक, कधी नव्हे इतकी दुखतेय आणि सोबत चक्कर किंवा बोलण्यात अडखळणं असेल, तर मानेतली रक्तवाहिनी आतून फाटत असण्याची शक्यता असते. मानेच्या झटक्यानंतर असं घडल्याच्या दुर्मीळ घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. झटका हेच त्यांचं कारण होतं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

याच काळात राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे टप्पे सुरू असतात. पहिल्यात मूलभूत विज्ञान, चौथ्यात प्रात्यक्षिक. त्यानंतर राज्याचा परवाना. तोवर अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा डोंगर असतो. नावापुढे ‘डॉक्टर’ लागतं, पण जवळपास सर्व राज्यांत औषधं लिहिता येत नाहीत आणि शस्त्रक्रिया करता येत नाही.

आणि भारतात?

ही पदवी घेऊन कुणी मुंबई-पुण्यात आलं, तर ती एमबीबीएसच्या बरोबरीची धरली जात नाही. कायरोप्रॅक्टरना परवाना देणारी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे दारावरच्या पाटीवर ‘कायरोप्रॅक्टर’ लिहिलेलं असलं, तरी आतल्या माणसाने ४,२०० तास घातलेत की शनिवार-रविवारची कार्यशाळा केलीय, हे पाटीवरून कळत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं, टेबलावर पालथं झोपण्याआधी.