स्मिथ आधी, साहेब नंतर

ओरॅकल शिकलेल्यांना स्कॉट-टायगर आठवत असेलच. ब्रूस स्कॉट हा कंपनीतला अगदी सुरुवातीचा प्रोग्रामर, आणि टायगर त्याच्या घरची मांजर! त्या खात्यात ईएमपी नावाचं टेबल. चौदा कर्मचारी, प्रत्येकाच्या ओळीत एमजीआर कॉलम, म्हणजे साहेबाचा नंबर. आणि साहेबही त्याच टेबलात.

टेबलाने स्वतःकडेच बोट दाखवायचं, ही कल्पना तशी जुनी. कॉडच्या १९७० सालच्या गाजलेल्या निबंधातही 'कुठल्या भागात कुठला भाग, किती' अशी एक रिलेशन आहे.

आता ती जुनी स्क्रिप्ट बघा. पहिलाच इन्सर्ट ७३६९ स्मिथचा, साहेब ७९०२. हा ७९०२ म्हणजे फोर्ड, आणि तो येतो तेराव्या नंबरला! डेटाबेसने तक्रार कशी केली नाही? कारण सोपं आहे, एमजीआरवर फॉरेन कीच नाही. डिपार्टमेंटवर आहे, साहेबावर नाही. म्हणजे ७९०२ ऐवजी ७९२० टाइप झालं असतं तरी स्मिथ गुपचूप आत आला असता. आणि किंगपासून खाली उतरत जाणाऱ्या कनेक्ट बायच्या रिपोर्टमध्ये बिचारा दिसलाच नसता. पगार चालू, पण माणूस गायब..

पुढे २००१ साली ९आय बरोबर एचआर स्कीमा आला. त्यात साहेबावर फॉरेन की आहे, त्यामुळे क्रम पाळावाच लागला. आधी १०० नंबरचा किंग, साहेब नल. मग त्याच्या हाताखाली नीना कोचर (हो, आपल्यातलीच वाटते), मग बाकीचे. तरी एक घोळ उरलाच. कर्मचाऱ्याला डिपार्टमेंट हवं आणि डिपार्टमेंटला मॅनेजर हवा! स्क्रिप्टने सरळ ती एक कन्स्ट्रेंट बंद केली, डेटा भरला, पुन्हा चालू केली. रिकाम्या डेटाबेसवर ठीक आहे हो, पण चालू सिस्टिमवर कन्स्ट्रेंट बंद म्हणजे दार सगळ्यांनाच उघडं.

खरा उपाय एसक्यूएल-९२ मध्ये होता: कन्स्ट्रेंट 'डेफरेबल' करा, तपासणी कमिटच्या वेळी. मग स्मिथ आधी येऊ दे, नाहीतर फोर्ड. ओरॅकलने हे आठव्या आवृत्तीत दिलं, पोस्टग्रेसमध्येही आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत मात्र नाही, तिथे प्रत्येक ओळ येताक्षणी तपासली जाते. तिथे मी सगळ्यांना नल देऊन भरतो आणि नंतर एका अपडेटने साहेब जोडतो. अर्थात, तो कॉलम कुणी नॉट नल करून ठेवला नसेल तर!