सासष्टीतला प्रश्न आणि मणिबेली

नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा तालुक्याच्या अगदी टोकाला मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ज्या गावाला सर्वप्रथम गाठले, ते हेच. १९९३ पासून त्याची घरे, शेते आणि जवळचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर टप्प्याटप्प्याने जलाशयात गेले. अशा गावाकडे कुणी सुवार्ता घेऊन निघालाच, तर त्याने ती कोणत्या भाषेत सांगावी? इथल्या लेकराला घरात भिली बोली मिळते. मराठी त्याला भेटते ती शाळेत, नाहीतर सरकारी नोटिशीत. आपल्याकडे आदिवासी भागातील सेवेची चर्चा होते, तेव्हा हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो. आम्हांला तो पहिला वाटतो. चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या सासष्टीतही तोच उभा राहिला होता.

त्या प्रदेशात सुवार्ता आली ती राजसत्तेच्या सावलीत, आणि हे आपण झाकू नये. देवळे पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुदोल्फ आक्वाविवा व त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि त्यांची हत्या केली. त्या पाच जणांना आपण हुतात्मे म्हणून वंदन करतो. किल्ल्यात मारल्या गेलेल्यांची आठवण मात्र आपल्या प्रार्थनांतून फारशी येत नाही.

धर्मबंधूंचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामी थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू होते. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. त्या जुलैचा सूड मनात धरून बसणे त्यांना अशक्य नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात भावाला लिहिलेल्या पत्रात मात्र ते इथल्या भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी असल्याचे कौतुकाने सांगताना दिसतात.

पुढची हकिकत त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच येते. सासष्टीत ख्रिस्ती शिकवण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारले, की जुनी पुराणे तर आमच्याकडून गेली. मग वेळ सार्थकी लावायला त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? प्रश्न धिटाईचा होता. घेतले ते परत द्या, असेच त्या माणसाचे म्हणणे. स्टीफन्स यांनी उत्तरादाखल जवळपास अकरा हजार ओव्या रचल्या. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले आणि येशूची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात बसवली. मूळ प्रश्नकर्त्याने ते ऐकले की नाही, कोण जाणे! पण या रचनेने बदलले ते आधी स्टीफन्स यांना, असे आम्हांला वाटते. शिकवायला आलेला माणूस चाळीस वर्षे शिकत राहिला. सुवार्ता सांगणाऱ्या ख्रिस्तसभेने प्रथम स्वतः सुवार्ता ऐकावी, हे पोप पॉल सहावे यांनी १९७५ मध्ये सांगितले. त्याचा पडताळा इथे आधीच येऊन गेला होता.

या भूमीच्याच लिपीत ग्रंथ छापावेत, ही त्यांची तळमळ १६०८ च्या पत्रातही उमटली आहे. पण प्रत्येक अक्षराचे, बाराखडी-जोडाक्षरांसह, शेकडो साचे ओतायचे कोणी? अखेरीस १६१६ मध्ये राचोल येथे पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडण्यास तीन वर्षांची मुदत दिली. ज्या भाषेने सुवार्ता घरात नेली, तिलाच घराबाहेर काढण्याचा हा उद्योग ख्रिस्ती राज्यकर्त्याचा होता!

तरीही ग्रंथ टिकला, तो हाती लिहिलेल्या प्रतींतून. नकला करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्या नकलांवरूनच १९०७ मध्ये जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळुरात आवृत्ती काढली. देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये हाती लागले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कानडा प्रांतातील ख्रिस्ती कुटुंबांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, धर्मगुरूंना हद्दपार केले. मिस्सा नाही, उपदेश नाही. अशा काळात याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी मंगळुरी परंपरा आहे. १७९९ मध्ये सुटका झाली तेव्हा परतणाऱ्यांची संख्या थोडीच होती. पण श्रद्धा उरली होती.

मणिबेलीची कित्येक कुटुंबे गुजरातेतील पुनर्वसन वसाहतींत गेली, काही डोंगरावर वर सरकून तिथेच राहिली. जाताना त्यांनी सोबत कोणती गाणी नेली, याहा मोगीच्या कोणत्या कथा त्यांच्या म्हाताऱ्यांच्या ओठी अजून आहेत, हे आम्ही त्यांना कधी विचारलेले नाही.