बेशुद्ध : एका शब्दाची दोन घराणी

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीचा तास चालू होता. एका मुलाने विचारले, “सर, बेशुद्ध म्हणजे अशुद्ध ना?” वर्ग हसला. पण त्याचे काय चुकले? बेईमान म्हणजे ईमान नसलेला, बेकार म्हणजे काम नसलेला. मग बेशुद्ध म्हणजे शुद्ध नसलेला, असेच त्याला वाटणार.

‘बे’ हा उपसर्ग फारसी. ‘शुद्ध’ हे संस्कृत ‘शुद्धि’चे मराठी रूप. शुद्धि म्हणजे जशी पवित्रता, तशीच जाणीव आणि ठावठिकाणाही. सीतेच्या शोधाला म्हणूनच ‘सीताशुद्धी’ म्हणतात आणि रोगी ‘शुद्धीवर येतो’ तो याच अर्थाने. याच शब्दाचे उर्दू-हिंदीत ‘सुध’ झाले. सुध लेना, सुधबुध, बेसुध हे शब्द आपल्या घरांत रोज कानावर पडतात. म्हणजे जो शब्द त्या मुलाला मराठीत अडला, त्याचा सख्खा भाऊ त्याच्याच घरी नांदत होता!

अर्थाच्या छटाही पाहण्यासारख्या आहेत. ‘बेहोश’ पूर्ण फारसी. उर्दूत तो दवाखान्यातला साधा शब्द. मराठीत मात्र त्याला बहुधा नशेचा किंवा धुंदीचा वास येतो. ‘बेभान’ अर्धा फारसी, अर्धा संस्कृत. पण बेभान माणूस धावतो, नाचतो, भांडतो. निपचित पडतो तो बेशुद्ध. त्याहून खोल अवस्थेला आपण ‘कोमा’ म्हणतो. हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ गाढ झोप. आजच्या अरबीत त्यालाच ‘ग़ैबूबा’ म्हणतात. आपला ‘गायब’ त्याच धातूचा. माणूस समोर असून हजर नाही, हे त्या शब्दात नेमके आले आहे.

मराठीतून फारसी-अरबी शब्द वेगळे काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. 1925 साली फारसी-मराठी कोश देणारे माधव जूलियन स्वतः फारसीचे प्राध्यापक. पुढे तेही भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. त्या चळवळीने मराठीला चांगले शब्दही दिले, हे मान्य केले पाहिजे. पण ‘बेशुद्ध’ जागचा हलला नाही. ‘मूर्च्छित’ पुस्तकात राहिला; अपघाताच्या बातमीत, पंचनाम्यात आणि दवाखान्याच्या कागदावर बेशुद्धच टिकला. त्याच्यातला ‘बे’ काढला, तर माणूस शुद्धीवर येतो, शब्द मात्र नाहीसा होतो.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर बेसूर, बेताल, बेभान, बेशुद्ध हे शब्द लिहिले आणि मुलांना प्रत्येकाचे दोन तुकडे करायला सांगितले. पुढचा तुकडा ओळखीचा निघाला, तेव्हा त्यांचे चेहरे खुलले. ‘मराठी आपली नव्हे’ असे कधी बाहेरून, कधी घरातूनही ऐकत ही मुले मोठी होतात. त्यांना भाषणाची गरज नाही. आपल्या भाषेचा अर्धा शब्द मराठीच्या पोटात कधीपासून राहतो आहे, एवढे त्यांना दाखवले तरी पुरे. ते काम आपण शिक्षकांनी आणि पालकांनी करायचे आहे.