ताबा आणि कूस

ताबा हा शब्द आपण जमिनीसाठी वापरतो, दुकानासाठी वापरतो आणि घटस्फोट झाला की मुलासाठीही वापरतो. कोर्टाच्या कागदावर ‘मुलाचा ताबा’ असे वाचले की मला त्यामागचा जुना इतिहास आठवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मूल कायद्याने बापाचेच असे. अंगावर पिणारे तान्हे बाळही बाप उचलून नेऊ शकत असे. कॅरोलाइन नॉर्टन या कवयित्रीच्या नवऱ्याने १८३६ मध्ये तिचे तिन्ही मुलगे तिच्यापासून तोडले. तिने लेखणी उचलली, पत्रके लिहिली, खासदारांची मने वळवली. १८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांसाठी आईला न्यायालयात दाद मागता येऊ लागली. पण तिची मुले स्कॉटलंडमध्ये होती आणि तिथे हा कायदा लागू नव्हता. १८४२ मध्ये धाकटा मुलगा घोड्यावरून पडला. आई पोचली तेव्हा तो गेला होता.

मुस्लिम कायद्यात आईच्या हक्काला फार जुने नाव आहे, ‘हिजानत’. हा शब्द ज्या अरबी शब्दापासून आला, त्याचा अर्थ कूस. मूल कडेवर घेतो ती जागा. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ राहते. पालकत्व मात्र बापाकडेच असते.

आपल्या देशात १८९० मध्ये पालक व पाल्य कायदा आला. त्यात मुलाच्या हिताचा विचार होता; समज आलेल्या मुलाचे मतही विचारात घेण्याची सोय होती. तरी बापाचे पारडे बराच काळ जडच राहिले.

पुढे मद्रासमधल्या एका ख्रिस्ती दांपत्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९७३ च्या त्या निकालात न्यायालयाने बजावले, की मुले म्हणजे मालमत्ता नव्हे आणि आईबापांची खेळणीही नव्हेत. ताब्याचा आदेश हा त्या वेळच्या परिस्थितीपुरता असतो, म्हणून परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो.

हे शहाणपणाचेच आहे. दोन वर्षांच्या बाळाला जे हवे असते, ते बारा वर्षांच्या मुलाला पुरत नाही. कधी शाळा बदलते, कधी आईची किंवा वडिलांची प्रकृती ढासळते, कधी घरात नवे माणूस येते. पण हरलेला डाव पुन्हा मांडण्यासाठी ही वाट नाही. अर्ज करणाऱ्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात : मधल्या काळात काय बदलले, आणि नव्या व्यवस्थेत मुलाचे भले कसे होईल. वकिलाकडे जाण्याआधी ही उत्तरे आईने किंवा वडिलांनी स्वतःशी तपासून पाहावीत. जमले तर मुलालाही, दबाव न आणता, विचारून पाहावे.

अर्जावर ‘ताबा’ हाच शब्द लिहावा लागेल. मनात मात्र कूस असू द्यावी.